आडनावात गाव नसलेल्या माणसाचं गाव कसं शोधायचं?

२०१७ मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांचं मूळ शोधायला कुणाला दप्तरखाने उपसावे लागले नाहीत. आडनाव वराडकर म्हणजे गाव वराड, तालुका मालवण. संपला विषय. आपल्या ‘कर’ची ही कृपा आहे. माणूस डब्लिनला जन्मला तरी गावाचा पत्ता आडनावातच घेऊन फिरतो.

आता उलट बाजूने बघा. माझी एक चुलतबहीण बॉस्टनजवळ राहते, तिचा नवरा आयरिश वंशाचा. लग्नानंतर सासूबाईंनी तिला सहज विचारलं, तुमचं मूळ कुठलं? हिने गाव, तालुका, जिल्हा, कुलदैवत, वर भाऊबंदकीतल्या वाटणीची हकिगतसुद्धा सांगून टाकली. सासूबाई थक्क. त्यांना स्वतःच्या घराण्याबद्दल एवढंच ठाऊक होतं की पणजोबा सलिव्हन, कॉर्कहून आले, ‘दुष्काळानंतर कधीतरी’, म्हणजे १८४५ नंतरच्या आयर्लंडमधल्या मोठ्या दुष्काळानंतर. कॉर्क हा आयर्लंडमधला सगळ्यात मोठा जिल्हा आणि तिथे सलिव्हन म्हणजे कोल्हापुरात पाटील. घराण्याची वंशावळ काढायचा नाद मला आहे हे माहीत असल्यामुळे बहिणीचा फोन आला, ‘यांचं गाव कसं शोधायचं रे?’

हा प्रश्न एकट्या त्या सासूबाईंचा नाही. अमेरिकेत स्वतःला आयरिश वंशाचं म्हणवणारे तीन कोटींहून जास्त लोक आहेत. सध्या त्यांच्यात चर्चा आहे ती १९२६ च्या जनगणनेची. स्वतंत्र आयर्लंडची ही पहिली जनगणना १८ एप्रिल १९२६ ला झाली आणि तिच्यात २९ लाख ७२ हजारांच्या आसपास माणसं मोजली गेली. कायद्याने ते कागद शंभर वर्षं बंद ठेवले होते आणि ती मुदत एप्रिल २०२६ मध्ये पुरी होते. एका जनगणनेचं इतकं अप्रूप का, हे कळायला तिथल्या कागदपत्रांचं काय झालं ते आधी माहीत हवं.

## कागद तर सगळे जळाले ना?

हे वाक्य आयरिश माणसाकडून हमखास ऐकू येतं, आणि ते अर्धंच खरं आहे.

१९२२ च्या जूनमध्ये आयर्लंडमध्ये यादवी पेटली. डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्स’ या न्यायालयाच्या आवारात एका गटाने ठाण मांडलं होतं. त्याच आवारात देशाचा सरकारी दप्तरखाना होता. ३० जूनला तिथे प्रचंड स्फोट झाला, आग लागली आणि कित्येक शतकांचे कागद जळाले. अर्धवट जळालेली पानं शहरभर उडत होती. पुण्याचं पेशवे दप्तर एका दुपारी खाक झालं अशी कल्पना करा, म्हणजे नुकसानीचा अंदाज येईल.

त्या आगीत १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चार जनगणना जवळजवळ संपूर्ण गेल्या. मग १८६१ ते १८९१ च्या चार कुठे आहेत? त्या आगीपर्यंत पोचल्याच नव्हत्या. १८६१ आणि १८७१ चे अर्ज सरकारनेच आकडेवारी काढून झाल्यावर नष्ट करायला लावले. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात लगद्यासाठी गेले. बदनाम झाली आग, पण निम्मं काम कारकुनी हुकमाने आणि रद्दीवाल्या वृत्तीने केलं होतं. १९२१ ची जनगणना स्वातंत्र्ययुद्धामुळे झालीच नाही. म्हणजे पूर्ण वाचलेल्या जनगणना दोनच, १९०१ आणि १९११. त्यात आता १९२६ ची भर. तीही फक्त दक्षिणेकडच्या २६ जिल्ह्यांची.

बाकी पुष्कळ वाचलं, आणि ते वाचलं कारण ते त्या इमारतीत नव्हतं. कॅथलिक चर्चच्या वह्या ज्या त्या चर्चमध्ये होत्या. जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंदणी वेगळ्या कचेरीत होती. जमीन-आकारणीच्या वह्या तिसरीकडे. दुर्दैव ओढवलं ते मृत्युपत्रांवर आणि सरकारी आश्रय असलेल्या प्रोटेस्टंट चर्चच्या वह्यांवर. त्या ‘सुरक्षित राहाव्यात’ म्हणून मुद्दाम दप्तरखान्यात आणून ठेवल्या होत्या.

## काउंटी कळली तरी काम होत नाही

आता एकच परका शब्द शिकून घ्या, बाकीचे विसरलात तरी चालेल. तो शब्द म्हणजे टाउनलँड. नावात ‘टाउन’ असलं तरी शहराशी त्याचा संबंध नाही. टाउनलँड म्हणजे शिवार. सरासरी तीनशे-सव्वातीनशे एकरांचा, हद्दी ठरलेला, नाव असलेला जमिनीचा तुकडा, ज्यावर कधी दोन घरं असतील, कधी वीस. आयर्लंडमध्ये असे ६० हजारांहून जास्त तुकडे आहेत. काउंटी म्हणजे आपला जिल्हा, त्याखाली पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख, आणि सगळ्यांत खाली टाउनलँड, म्हणजे आपलं मौजे किंवा वाडी. तिथल्या जुन्या कागदांत माणसाची ओळख टाउनलँडने होते. घर क्रमांक नाही, गल्ली नाही.

आयरिश आडनाव इथे काहीच मदत करत नाही. ओब्रायन म्हणजे ब्रायनचा वंशज, मॅकार्थी म्हणजे कार्थाखचा मुलगा. आडनावात पूर्वज सापडतो, पण तो हजार वर्षांपूर्वीचा. कुठल्या गावचा, ते गुलदस्त्यातच. त्यातून ‘ओ’ आणि ‘मॅक’ कधी गळून पडले, कधी परत चिकटले. काहींनी तर आडनावाचं सरळ भाषांतर केलं. ‘गावा’ म्हणजे लोहार, म्हणून मॅकगोवनचा झाला स्मिथ. आता हा स्मिथ आयरिश की इंग्रज, हे आडनावावरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

टाउनलँडची नावंही पुन्हा पुन्हा तीच. किल्मोर म्हणजे ‘मोठं चर्च’, आणि अशी किल्मोरं अनेक जिल्ह्यांत आहेत, जशी आपल्याकडे वडगावं आणि पिंपळगावं. गंमत म्हणजे आपल्या बुद्रुक-खुर्दसारखी जोडीही तिथे आहे. मोठ्या तुकड्याला ‘मोर’ आणि धाकट्याला ‘बेग’. १८२० आणि ३० च्या दशकांत इंग्रजांनी सगळ्या देशाचे नकाशे केले तेव्हा आयरिश उच्चार कानाला जसे ऐकू आले तसे इंग्रजीत लिहून टाकले. ‘खडकी’चं ‘किर्की’ होताना पाहिलेल्या वाचकांना याबद्दल जास्त सांगायला नको.

म्हणून या शोधातलं खरं काम एकच आहे, टाउनलँडचं नाव काढणं. ते हातात आलं की पुढचं दोन-चार रविवारांचं काम. ते नसेल तर दहा वर्षं घालवा, कॉर्कच्या सलिव्हनांच्या गर्दीतच फिराल.

## सुरुवात आयर्लंडपासून केली की फसलात

बहिणीच्या नवऱ्याने तेच केलं. थेट आयरिश जन्मनोंदी उघडल्या आणि पणजोबांचं नाव टाकलं, डॅनियल सलिव्हन. ढीगभर आले. त्याने एक आवडेल तो निवडला आणि तीन महिने त्याच्या आई-वडिलांचा पाठपुरावा केला. नंतर कळलं की तो डॅनियल तीन वर्षांचा असतानाच वारला होता.

ज्या देशात माणूस पोचला, तिथले कागद आधी संपवायचे. कारण गाव सोडून आलेला माणूस गावाचं नाव सांगतो ते परक्या देशात, आपल्या माणसांत राहून सांगायची वेळच येत नाही. लग्नाच्या वेळी पाद्रीबाबाला सांगतो, मेल्यावर त्याची मुलं थडग्यावर कोरतात, आणि बँकेत खातं उघडताना कारकून विचारतो.

हे शेवटचं खोटं वाटेल, पण खरं आहे. १८५० मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘एमिग्रंट सेव्हिंग्ज बँक’ उघडली, मुख्यतः आयरिश मजुरांसाठी. खातेदारांतल्या अनेकांना सही येत नव्हती. मग पैसे काढायला आलेला माणूस खरा कोण, हे कसं ओळखायचं? बँकेने प्रत्येकाची कुंडलीच लिहून ठेवली. जन्म कुठला, बोटीने कधी आलात, आई-वडील कोण, भावंडं कुठे, बायकोचं माहेरचं नाव काय. आज आपल्याला ‘आईचं लग्नाआधीचं आडनाव सांगा’ म्हणून फोनवर विचारतात, त्याचीच ही पणजी. बँकेने चोर अडवायला लिहिलेल्या या वह्या आज पणतू-खापरपणतूंना सोन्यासारख्या वाटतात.

बॉस्टनच्या ‘पायलट’ या वर्तमानपत्रात तर १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या नातलगांच्या जाहिराती येत. भाऊ अमुक टाउनलँडचा, तमुक पॅरिशचा, अमक्या वर्षी अमक्या बंदरात उतरला, शेवटची खबर रेल्वेच्या कामावर असल्याची, बहीण शोधते आहे. तीन-चार ओळींत पूर्ण पत्ता असे. भावाला ती ओळ दिसली की नाही, देव जाणे, पण आज ती शोधणाऱ्याला दिसते.

याउलट ज्या कागदाकडे सगळे आधी धावतात, ती बोटीवरच्या प्रवाशांची यादी, जुन्या काळासाठी अगदीच कंजूष असते. १८५० किंवा १८८० च्या यादीत देशाच्या रकान्यात फक्त ‘आयर्लंड’. पुढे रकाने वाढत गेले, आणि १९०७ पासून तर मायदेशातल्या जवळच्या नातलगाचं नाव-पत्ताही विचारू लागले. ज्याचा पूर्वज उशिरा गेला तो नशीबवान. ऑस्ट्रेलियाला गेलेल्यांचे वंशजही सुखात आहेत, कारण तिथल्या व्हिक्टोरिया प्रांताच्या मृत्यू दाखल्यात १८५३ पासून आई-वडिलांची नावं आणि जन्मस्थळ लिहीत.

## ‘आमचं आडनाव एलिस आयलंडवर बदललं’

ही अमेरिकेतली आवडती दंतकथा. एलिस आयलंड म्हणजे न्यूयॉर्क बंदरातलं बेट, जिथे बाहेरून स्थायिक व्हायला आलेल्यांची तपासणी होई. बेटावरच्या कारकुनाला उच्चार कळला नाही, त्याने मनाने काहीतरी लिहून टाकलं. पण कारकुनाच्या हातात कोरा कागद नसे. प्रवाशांची यादी बोट जिथून सुटली तिथेच भरलेली असे, आणि बेटावरचा अधिकारी त्या यादीवर बरोबरच्या खुणा करत जाई. नावं बदलली ती नंतर, शाळेत, कारखान्यात, भाड्याच्या खोलीच्या दारावर, बहुतेकदा माणसाने स्वतःच. शिवाय एलिस आयलंड सुरू झालं तेच १८९२ मध्ये. दुष्काळातून पळालेले लाखो आयरिश त्याच्या चाळीस वर्षं आधी येऊन स्थिरावले होते.

## अ‍ॅनी मूर नावाच्या दोन बायका

१ जानेवारी १८९२ ला एलिस आयलंडवर पहिलं पाऊल टाकणारी मुलगी कॉर्कची होती. अ‍ॅनी मूर, ‘नेवाडा’ नावाच्या बोटीने, अँथनी आणि फिलिप या धाकट्या भावांना घेऊन आलेली. आई-वडील आधीच न्यूयॉर्कमध्ये होते. तिला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं दिलं गेलं, वर्तमानपत्रांनी तिला पंधरा वर्षांची केलं, प्रत्यक्षात ती सतरा वर्षांची होती. पुढे तिचे पुतळे उभे राहिले, एक बेटावर आणि एक आयर्लंडच्या कोव्ह बंदरात.

पुढे काय झालं तिचं? अनेक वर्षं सगळे सांगत की ती पश्चिमेला टेक्सासला गेली, तिथल्या प्रतिष्ठित घराण्यात लग्न झालं आणि १९२३ मध्ये ट्रामच्या अपघातात गेली. गोष्ट फक्कड. टेक्सासचे वंशज समारंभांनाही येत. वंशावळतज्ज्ञ मेगन स्मोलेनियाक यांनी टेक्सासच्या अ‍ॅनीची जनगणनेतली नोंद काढून बघितली, तर जन्मस्थळाच्या रकान्यात आयर्लंड नाहीच, इलिनॉय! ती जन्माने अमेरिकन होती. नाव तेच, बाई दुसरी.

२००६ मध्ये त्यांनी खऱ्या अ‍ॅनीचा माग काढणाऱ्याला एक हजार डॉलर बक्षीस लावलं आणि काही आठवड्यांत उत्तर मिळालं. धागा अ‍ॅनीच्या नावातून लागला नाही. तो लागला तिचा भाऊ फिलिप याच्या नागरिकत्वाच्या कागदातून. त्याच्यावरून त्याची मुलगी, मुलीवरून घराणं. खरी अ‍ॅनी न्यूयॉर्कमध्येच राहिली होती, मॅनहॅटनच्या गरीब वस्तीत. जोसेफ शायर नावाच्या मासळी बाजारातल्या माणसाशी लग्न, किमान अकरा मुलं, त्यातली पाचच मोठी झाली. १९२४ मध्ये पन्नाशीत ती वारली. क्वीन्समधल्या दफनभूमीत तिच्या जागेवर साधा दगडही नव्हता. तो २००८ मध्ये बसला.

इंटरनेटवरच्या तयार वंशवृक्षांना मी व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डच्या वर जागा देत नाही, त्याचं कारण हे. एकाने टेक्सास लिहिलं की शंभर जण टेक्सास लिहितात.

## सगेसोयरे शोधा

अ‍ॅनीच्या भावाने जे केलं तेच सलिव्हनांच्या शोधातही झालं. हे नियमच म्हणा ना. आयरिश माणूस एकटा जात नसे. आधी थोरली बहीण मोलकरीण म्हणून जाई, पगारातून तिकीट पाठवी, मग दुसरी, मग भाऊ, मग शेजारचा पोरगा. गिरणगावात एका खोलीत एकाच गावची वीस माणसं पाळीपाळीने झोपत, तसे बॉस्टनच्या एकेका गल्लीत एकेका पॅरिशचे लोक राहत. बाप्तिस्म्याला उभे राहिलेले धर्ममाता-धर्मपिता, लग्नाचे साक्षीदार, घरातला पोटभाडेकरू, ही सगळी गावाकडचीच मंडळी.

२०२३ पासून कुणबी नोंदी शोधणाऱ्या घरांना हे वेगळं सांगायला नको. पणजोबांची नोंद सापडत नाही, पण त्यांच्या चुलतभावाची गाव नमुना १४ मध्ये किंवा कोतवाल बुकात मोडीत सापडते, आणि तिथून धागा जुळतो. डॅनियल सलिव्हनच्या बाबतीत कागद सापडला तो त्याच्या थोरल्या बहिणीचा. तिच्या लग्नाच्या चर्चमधल्या नोंदीत पाद्रीबाबांनी कधी नव्हे ते पॅरिशचं नाव लिहिलं होतं. डॅनियलच्या स्वतःच्या मृत्यूच्या नोंदीत गाव नव्हतं, पण आई-वडिलांची नावं होती. मॅसॅच्युसेट्सच्या जुन्या नोंदींची ही पद्धत फार उपयोगाची. दोन कागद जोडले आणि कॉर्क जिल्ह्याची एक पॅरिश झाली.

बायकांबद्दल एक सांगून टाकतो. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदले, कित्येकदा पाळण्यातलं नावही बदले, आणि जुन्या वंशावळींत ती नुसती रेघ होऊन उरते. आयरिश कॅथलिक बाप्तिस्म्याच्या वहीत मात्र आईचं माहेरचं नाव लिहायची रीत होती. ‘डॅनियल, बाप जॉन सलिव्हन, आई मेरी लिंच.’ एका पॅरिशमध्ये जॉन सलिव्हन पंधरा असतील, पण मेरी लिंचचा नवरा असलेला जॉन सलिव्हन बहुधा एकच. शोध तिथे बापाच्या नावाने अडतो आणि आईच्या नावाने सुटतो.

या वह्या डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुलै २०१५ मध्ये फुकट ऑनलाइन केल्या, साधारण १८८० पर्यंतच्या. वसई किंवा गोव्याच्या ख्रिस्ती वाचकांना अशा वह्या नवीन नाहीत. भाषा बहुधा लॅटिन. जेम्सचा याकोबुस, विल्यमचा गुलिएल्मुस. ओल लागलेली पानं, पाद्रीबाबांचं गिचमिड अक्षर. मोडी वाचलेल्याने घाबरू नये. आणि नावांची एक सोय आपल्या ओळखीची आहे. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. पहिल्या मुलीला आईच्या आईचं. सगळे पाळत असं नाही, पण मुलांची नावं क्रमाने मांडली की आजोबा-आजी डोकावू लागतात.

## वय जुळत नाही, मग माणूस चुकला का?

बहुधा नाही. माझ्या आजोबांचा जन्म ‘मानमोडीच्या साली’ आणि शाळेच्या दाखल्यावर १ जून. आमच्या वर्गात निम्म्यांचा वाढदिवस १ जूनलाच असे. आयर्लंडमध्ये सरकारी जन्मनोंद १८६४ पासून सक्तीची झाली, उशीर केला तर दंड. मग आई-बाप तारीख पुढची सांगत. त्यामुळे बाप्तिस्मा आधी आणि जन्म नंतर, असे चमत्कार वह्यांत पुष्कळ भेटतात.

सगळ्यात मौजेचा गोंधळ १९०९ चा. त्या जानेवारीत सत्तरीच्या पुढच्यांना सरकारी पेन्शन सुरू झालं. जन्मदाखला कुणाकडेच नाही, कारण सत्तर वर्षांपूर्वी नोंदणीच नव्हती. मग वय सिद्ध कसं करायचं? ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आयर्लंडमध्ये भयंकर वादळ झालं होतं, ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’ म्हणून ते लोकांच्या तोंडी होतं. ती रात्र आठवते असं जो सांगेल तो सत्तरीचा, असं धरलं जाऊ लागलं. साहजिकच ती रात्र पुष्कळांना आठवू लागली. १९०१ च्या जनगणनेत ५६ वर्षांची असलेली बाई १९११ मध्ये ७१ वर्षांची दिसली तर दचकू नका.

या पेन्शनचा एक फायदा झाला. काही अर्जदारांच्या वयाची खात्री करायला कारकुनांनी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेतून त्यांच्या घराची नोंद शोधून चिठ्ठीवर उतरवली. मूळ वह्या १९२२ मध्ये जळाल्या, चिठ्ठ्या राहिल्या.

## एक अर्ज जवळून

१९११ चा घराचा अर्ज आज फुकट बघता येतो, मूळ हस्ताक्षरात. नाव, कुटुंबप्रमुखाशी नातं, धर्म, लिहिता-वाचता येतं का, वय, धंदा, आयरिश बोलता येतं का. मधे तीन छोटे रकाने विवाहित बायकांसाठी: लग्नाला किती वर्षं झाली, जिवंत जन्मलेली मुलं किती, आज हयात किती. दहा आणि सहा, असे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिलेले दिसतात. विधवांनी हे भरायचं नव्हतं, पण अनेकींनी भरलं. गणना करणाऱ्या पोलिसाने त्यावर रेघ मारली, तरी खालचा आकडा स्वच्छ वाचता येतो. खाली प्रमुखाची सही, किंवा सही येत नसेल तर फुली, आपल्या अंगठ्यासारखी.

दुसऱ्या अर्जात घर. भिंती दगडी की मातीच्या, छप्पर गवताचं की पक्कं, खोल्या किती, दर्शनी बाजूला खिडक्या किती. तिसऱ्यात गोठा, डुकरांचं खुराडं, कोंबड्यांचं खुराडं. डॅनियल तोवर अमेरिकेत होता, पण धाकटा भाऊ घरीच होता. दोन खोल्या, दोन खिडक्या, एक गोठा. फोनवर हे वाचताना बहिणीच्या सासूबाई खिडक्यांच्या आकड्यापाशी थांबल्या आणि तो पुन्हा वाचायला सांगितला.

## डीएनए टेस्ट केली की झालं, नाही का?

थुंकी पाठवायची आणि गाव कळायचं, अशी समजूत आहे. चाचणी गाव सांगत नाही, नातलग दाखवते. तिसऱ्या पिढीतल्या चुलत-मावस भावंडांशी, म्हणजे ज्यांचे खापरपणजोबा एक, त्यांच्याशी धागा बहुतेक वेळा जुळतो. त्याहून एक पिढी मागे गेलं की निम्म्यांशीच. आणि जुळलेल्या माणसालाही स्वतःचं गाव माहीत नसेल तर दोन आंधळे एकमेकांना वाट विचारणार. ज्याच्याकडे कागद आहे असा चुलता सापडला तर मात्र चाचणीचे पैसे वसूल.

पासपोर्टसाठी शोधणारेही असतात. आजी किंवा आजोबा आयर्लंडमध्ये जन्मले असतील तर विदेशी जन्मांच्या नोंदवहीत नाव घालून आयरिश नागरिक होता येतं. पणजोबांवर सहसा भागत नाही. तुमच्या जन्माआधी तुमच्या आईने किंवा वडिलांनी स्वतःची नोंद केली असेल तरच. बराक ओबामांचा पूर्वज फॅल्मथ कर्नी तर आईकडून पाच पिढ्या मागे, मनीगॉल गावच्या चांभाराचा मुलगा, १८५० मध्ये अमेरिकेला गेलेला. त्याचं गाव सापडायला ‘फॅल्मथ’ या विचित्र नावाची फार मदत झाली. जॉन कर्नी असता तर २०११ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष त्या तीनशे वस्तीच्या गावात येऊन बिअर पिता ना.

## तिथला सातबारा

पॅरिश कळल्यावर टाउनलँड काढायला उपयोगी पडते ती रिचर्ड ग्रिफिथ यांनी केलेली जमीन-आकारणी, १८४७ ते १८६४ च्या दरम्यान जिल्ह्याजिल्ह्याने छापलेली. कर बसवण्यासाठी देशभरातल्या प्रत्येक तुकड्याची मोजणी: नकाशावरचा क्रमांक, कसणारा, मालक, क्षेत्र, आकार. मालक बहुधा कुणी लॉर्ड, कसणारे कुळं. जनगणना गेल्यामुळे त्या पिढीची घरोघरची यादी म्हणून हीच उरली. ‘हाउस, ऑफिसेस अँड लँड’ असं वाचून पूर्वज मोठा साहेब होता असं समजू नका. त्यातलं ‘ऑफिस’ म्हणजे गोठा.

एकाच टाउनलँडमध्ये दोन जॉन सलिव्हन असले तर कारकून कंसात बापाचं नाव किंवा टोपणनाव घाली. जॉन सलिव्हन, कंसात डॅनियल. म्हणजे आपल्यासारखं मधलं नाव, गरजेपुरतं. त्या पॅरिशच्या टाउनलँडांतून फिरताना आम्हाला हा जॉन भेटला. बाप्तिस्म्याच्या वहीत मेरी लिंचच्या नवऱ्याच्या नावापुढे जी टाउनलँड होती, तीच ही. थोरल्या मुलाचं नाव डॅनियल, आजोबांचं. आजोबांचं नाव इथे कंसात.

आकारणी छापून झाल्यावर कचेरीने तीच वही पुढे चालवली. कुळ बदललं की जुन्या नावावर रेघ, वर नवं नाव, आणि बाजूला वर्ष. दरवर्षीची शाई वेगळी: लाल, निळी, हिरवी. आपल्याकडे फेरफार होऊन जुनं नाव कंसात जातं, अगदी तसंच. त्या पानाची प्रत बहिणीने मला पाठवली. जॉन सलिव्हनच्या नावावर लाल रेघ, वर मेरी सलिव्हन, म्हणजे म्हातारा गेला. दोन वर्षांनी मेरीवर निळी रेघ, वर पॅट्रिक, धाकटा भाऊ. डॅनियलचं नाव त्या रकान्यात कधी आलंच नाही. थोरला असून. निळ्या शाईचं वर्ष १८८३, आणि बॉस्टन बंदराच्या यादीत तो उतरल्याची तारीखही त्याच वर्षाच्या मे महिन्यातली.